आधी नक्कल, मग वाटणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून माझ्या ओळखीच्या काही मंडळींना हसू येईल. पेशीची विभागणी होण्याआधी गुणसूत्रांची नक्कल का होते, हा विषय खरं तर एखाद्या प्राध्यापकाने मांडायचा. मी पडलो कवी, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला. शाळेत जीवशास्त्राच्या वहीत पुढच्या पानांवर आकृत्या कमी आणि मागच्या पानांवर कविता जास्त, अशी माझी गत होती. पण हा विषय माझ्या घरात दोन दारांनी आला. एका दाराने वडिलांच्या नोकरीतून आणि दुसऱ्या दाराने थोरल्या बहिणीच्या मरणातून. म्हणून बोलायचं धाडस करतो आहे.

आधी वडिलांचं सांगतो. अब्बा तालुक्याच्या कोर्टात नक्कलनवीस होते. त्या काळी झेरॉक्स सगळीकडे पोचलं नव्हतं. एखाद्याला निकालाची किंवा जुन्या दस्ताची प्रत हवी असेल, तर त्याने अर्ज करायचा, तिकीट लावायचं आणि अब्बांनी ती प्रत हाताने लिहून काढायची. खाली दोन सह्या असत. एक ‘नक्कल करणार’ आणि दुसरी ‘रुजवात घेणार’. मग साहेबांची सही आणि ‘खरी नक्कल’ असा शिक्का.

ही रुजवात म्हणजे मोठी बघण्यासारखी गोष्ट. एकजण मूळ कागद मोठ्याने वाचणार आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द जुळवून बघणार. सुट्टीच्या दिवशी अब्बांचा डबा घेऊन गेलो की मी बाकावर बसून ते ऐकत राहायचो. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. मला ती कविताच वाटायची. एखादा शब्द चुकला तर अब्बा ओळ खोडून दुरुस्त करत आणि तिथे छोटी सही करत. म्हणत, ‘‘एका काना-मात्रेवर माणसाचं शेत जातं, बेटा.’’

एकदा दोन भाऊ आले. घर वेगळं झालेलं, भांडीकुंडी वाटून झालेली, पण वडिलार्जित जमिनीचं खरेदीखत एकच. दोघांनाही ते हवं होतं. रागाच्या भरात धाकटा म्हणाला, ‘‘फाडा मधोमध, अर्धं त्याला, अर्धं मला.’’ अब्बा शांतपणे म्हणाले, ‘‘फाडलंत तर दोघांच्याही हातात रद्दी येईल. आधी नक्कल काढा. रुजवात घेऊ. मग एकेक पुरा कागद घेऊन दोघं दोन दिशांना जा.’’

पुढे अनेक वर्षांनी माझी भाची, जी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, ही गोष्ट ऐकून टाळी वाजवून म्हणाली, ‘‘मामू, पेशी अगदी हेच करते!’’

मग तिने मला जे समजावलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात असा अंदाज आहे. या सगळ्या आईच्या पोटातल्या एकाच पेशीपासून झालेल्या. एकीच्या दोन, दोघींच्या चार, अशा. केंद्र असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनए नावाचा लांबच लांब धागा, नीट गुंडाळून ठेवलेला. एका पेशीतले सगळे धागे उलगडून टोकाला टोक लावले तर जवळपास दोन मीटर भरतील. त्यांच्यावर चार अक्षरांच्या लिपीत सुमारे ६०० कोटी अक्षरांचा मजकूर आहे. रक्त कसं करायचं, हाड कसं घडवायचं, जखम कशी भरायची, सगळं त्यात.

आता ही पेशी दोन होणार. नक्कल न काढता तिने वाटणी केली तर काय होईल? २३ गुणसूत्रं एकीला, २३ दुसरीला. पुढच्या वाटणीत अकरा-बारा, मग पाच-सहा. चार-पाच पिढ्यांत खातं रिकामं! आणि पहिल्याच वाटणीत घोटाळा होणार, कारण हे धान्य नव्हे की अर्धं मिळालं तर अर्धपोटी राहू. हा मजकूर आहे. चूल पेटवायचं पान एकीकडे गेलं आणि भात शिजवायचं दुसरीकडे, तर जेवण दोन्ही घरांत होणार नाही.

मी भाचीला विचारलं, ‘‘मग आधी वेगळं व्हायचं आणि नंतर सवडीने नक्कल काढायची, असं का नाही?’’ ती म्हणाली, ‘‘नक्कल कशावरून काढणार? जे पान तुमच्याकडे आलंच नाही त्याची नक्कल कशी निघेल?’’ मी गप्प बसलो. अब्बा असते तर असल्या प्रश्नाला त्यांनी अर्जच नामंजूर केला असता.

आणखी एक कारण तिने सांगितलं, ते मला सगळ्यांत सुंदर वाटलं. नक्कल झाली की मूळ आणि नक्कल लगेच वेगळी होत नाहीत. प्रथिनांची बारीक कडी त्या दोघींना एकमेकींना जोडून ठेवतात. विभागणीची वेळ येते तेव्हा पेशीच्या दोन टोकांकडून दोर येतात. जोडीतल्या एकीला एका बाजूचा दोर, दुसरीला दुसऱ्या बाजूचा. सगळ्या ४६ जोड्यांना दोन्हीकडून ताण बसला, एकही सुटलेली नाही, याची खात्री झाल्यावरच कडी तुटतात आणि दोघी दोन दिशांना जातात. म्हणजे नक्कल झाल्यापासून त्या एकत्र बांधलेल्या असतात, म्हणूनच कोणी कुठे जायचं याचा हिशेब चुकत नाही.

ही गोष्ट माणसाला कळायला वेळ लागला. सूक्ष्मदर्शकातून पेशी बघणाऱ्यांना विभागणीच्या वेळचे जाड धागे दिसत, त्याआधीची पेशी निवांत दिसे. तिथे काही चाललं आहे असं वाटतच नसे. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क या दोघांनी बाकल्याच्या रोपाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि डीएनए नेमका कधी तयार होतो ते तपासलं. १९५३ साली त्यांनी स्पष्टपणे मांडलं, की नकलेचं काम त्या निवांत दिसणाऱ्या काळातच, विभागणीच्या काही तास आधी उरकलेलं असतं. आधी थोडी उसंत, मग नक्कल, मग पुन्हा थोडी उसंत आणि मग विभागणी. माणसाच्या पेशीत एकट्या नकलेला साधारण आठ तास लागतात.

त्याच १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, पिळलेल्या शिडीसारखी. चार अक्षरं म्हणजे ए, टी, जी आणि सी. ए समोर टीच येणार, जी समोर सीच. कवीला हे समजायला सोपं आहे. एका ओळीचा शेवट ठरला की दुसरीचा काफिया ठरतो. शिडी मधून उभी उकलते, प्रत्येक अर्ध्या बाजूसमोर तिची जोडीची अक्षरं येऊन बसतात आणि एका शिडीच्या दोन शिड्या होतात. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये प्रयोगाने दाखवलं, की दोन्ही शिड्यांत एक बाजू जुनी आणि एक नवी असते. अब्बांच्या कचेरीत मूळ कागद फडताळात परत जायचा. इथे दोघींनाही निम्मा जुना कागद मिळतो, आणि तरी दोघींकडे पुरा मजकूर.

आणि रुजवात? तीही आहे. नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, पहिल्या हाताने लिहिताना साधारण लाखाला एक अक्षर चुकतं. ते स्वतःच मागे वळून चूक खोडतं. त्यातून निसटलेल्या चुका दुसरी विकरं शोधतात. शेवटी सुमारे १०० कोटी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. डीएनएच्या दुरुस्तीच्या यंत्रणांचा उलगडा करणाऱ्या लिंडाल, मोड्रिच आणि सँकार या तिघांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला वाटतं, अब्बांसारख्या सगळ्या नक्कलनवीसांचा त्यात थोडा सन्मान झाला.

श्रोतेहो, आता दुसऱ्या दाराकडे येतो.

१९८६ साली माझी थोरली बहीण, आमची आपा, दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना होता. चेहरा फिका, ओठ फिके, दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. अम्मा म्हणायची, ‘‘पहिलटकरणीला त्रास होतो, दुसरेपणी नाही होत.’’ मी कॉलेजात नुकताच गेलो होतो. आपाच्या त्या चेहऱ्यावर मी कविता लिहिली. ईदच्या चंद्राची उपमा दिली. कॉलेजच्या नियतकालिकात ती छापून आली, सरांनी पाठ थोपटली. महिन्याभरात आपाला गावच्या बैलगाडीतून आणि मग एसटीतून तालुक्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. आपा गेली, बाळही गेलं. पहिली दोन वर्षांची मुलगी आमच्याकडे राहिली. तीच ही माझी भाची.

मी ज्याला चंद्र म्हणालो होतो तो आजार होता. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. त्यानंतर मी ती कविता कुठल्याच संग्रहात घेतली नाही.

भाचीनेच एक दिवस मला मुंबईची गोष्ट सांगितली. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्या काम करू लागल्या. भोवती गिरण्यांचा परिसर. गरोदर बायका एका विचित्र पांडुरोगाने मरत होत्या, आणि त्यांत गिरणकामगार बाया होत्या. विल्सबाईंनी रुग्णालयातून बाहेर पडून त्या काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. त्यांना दिसलं, की हा आजार सर्वांत जास्त गरीब मुसलमान बायकांत आहे आणि सर्वांत निकस आहारही त्यांचाच आहे.

ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आपाच्या आधी ५५-६० वर्षं कोणीतरी आमच्या बायकांच्या ताटात वाकून बघितलं होतं!

विल्सबाईंनी तोच आहार उंदरांना देऊन पाहिला. पण उंदरांना दुसऱ्याच एका जंतूची बाधा निघाली आणि निष्कर्षात घोळ झाला. मग त्यांनी माकडांवर प्रयोग केले. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाने मिळणारा, पावाला लावून खायचा काळपट खारट पदार्थ, दिला तर रक्त सुधारतं असं आढळलं. मुंबईतल्या आजारी बायकांनाही तो दिला, आणि त्या उठून बसल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं नेमकं द्रव्य ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. विल्स फॅक्टरचं उत्तर त्यातच होतं.

आता हे पानातलं द्रव्य करतं काय? इथे आपला विषय पुन्हा येतो. त्या चार अक्षरांपैकी टी हे अक्षर तयार करायला फॉलिक ॲसिड लागतं. ते नसेल तर नक्कलनवीस लिहायला बसतो आणि त्याच्यापाशी टी संपलेलं असतं. मग त्याच्याजागी दुसरंच अक्षर बसतं. रुजवात घेणारा ते खोडतो. पुन्हा लिहायला टी नाही. खोडाखोडीत कागदच फाटतो. नक्कल अडली की विभागणी अडते.

पण पेशीची बाकीची कामं टीशिवाय चालतात. ती खात राहते, वाढत राहते. मोठी मोठी होते, दोन मात्र होत नाही. हाडांच्या मगजात तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींची हीच अवस्था होते. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी नव्या तयार व्हाव्या लागतात, कारण एकेकीचं आयुष्य १२० दिवसांचं. तिथे नक्कल अडली की थोड्याच दिवसांत रक्ताचा तुटवडा. भाचीने पुस्तकात चित्र दाखवलं. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान दिसतात. फॉलिक ॲसिड कमी असेल तर मोठ्या, फुगलेल्या आणि मोजक्या. वाटणीला तयार होऊन बसलेल्या, पण नक्कल हाती न आलेल्या.

गरोदरपणात तर दोन जिवांची नक्कल चालू असते. बाळाच्या पेशी रात्रंदिवस दोनाच्या चार होत असतात. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचंही तोवर कळलेलं नसतं. म्हणून डॉक्टर गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात. ज्यांच्या आधीच्या बाळाला कण्याचा दोष होता अशा बायकांवर केलेल्या अभ्यासात, तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण या गोळीने सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं, असं १९९१ मध्ये दिसलं.

याच ज्ञानाची दुसरी बाजूही आहे. कर्करोगाच्या पेशी बेसुमार दोन होत सुटतात. त्यांची नक्कल मुद्दाम अडवली तर? आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या कंपनीत संशोधन करत होते, तिथे फॉलिक ॲसिडसारखंच दिसणारं पण त्याचं काम बंद पाडणारं औषध तयार झालं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं. १९४८ च्या त्यांच्या लेखात सोळा मुलांपैकी दहा जणांत काही काळ सुधारणा झाल्याचं नोंदलं आहे. त्याआधी या आजारावर जवळपास काहीच चालत नसे. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. त्या औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. एकाच दौतीतली शाई, कुठे भरायची आणि कुठे रोखायची, एवढाच फरक.

आता माझ्या घरची अलीकडची गोष्ट सांगून थांबतो.

माझ्या धाकट्या लेकीला दिवस गेले. तिचं सासर खेड्यात. आशाताईंनी तिला लाल गोळ्या दिल्या होत्या. त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. मी भेटायला गेलो तर गोळ्यांच्या पट्ट्या शिवणाच्या डब्यात जशाच्या तशा. लेक हळूच म्हणाली, ‘‘अब्बा, सासूबाईंना वाटतं गोळीने बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. मी कशाला वाद घालू?’’ तिचे ओठ फिके होते. मला चाळीस वर्षांपूर्वीची आपा दिसली.

विहीणबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण नवऱ्याच्या मागे दिरांशी झगडून त्यांनी मुलांच्या हिश्श्याची जमीन राखली आहे. मी त्यांना पेशी, डीएनए काहीच सांगितलं नाही. अब्बांच्या त्या दोन भावांची गोष्ट सांगितली. म्हटलं, पोटातलं बाळ रोज वाटणी करतं आणि प्रत्येक वाटणीला नक्कल लागते. ही गोळी म्हणजे नकलेची शाई. आणि लोह म्हणजे रक्ताचा रंग. दोन्ही हवं. मग माझ्या आपाचं सांगितलं. ते मी आजवर कोणाला पुरतं सांगितलं नव्हतं.

विहीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, शिवणाचा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, ‘‘भाईसाहेब, नक्कल नव्हती म्हणून मी सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या घासल्या. माझ्या नातवावर ती पाळी नको.’’ त्या रात्रीपासून गोळी त्या स्वतःच्या हाताने देऊ लागल्या, जेवणानंतर, आणि वर चहा प्यायला मनाई. चहाने लोह अंगी लागत नाही, हे आशाताईंनी त्यांना सांगितलंच होतं. आता ते त्यांना पटलं.

श्रोतेहो, २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांत रक्त कमी आढळलं. त्याचं मोठं कारण लोहाची कमतरता, पण फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांचाही त्यात वाटा आहे. मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत फॉलिक ॲसिड भरपूर असतं. भाजी फार वेळ उकळली आणि पाणी ओतून दिलं तर ते जातं. एवढं जरी आपण स्वयंपाकघरात लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. आणि घरात कोणाचा चेहरा चंद्रासारखा दिसू लागला, तर कविता जरा नंतर लिहा. आधी रक्त तपासून घ्या.

लेकीला मुलगी झाली. पावणेतीन किलोची. बाळंतपण अडलं नाही. विहीणबाईंनी निरोप पाठवला तो असा, ‘‘भाईसाहेबांना सांगा, खरी नक्कल आली आहे. रुजवात घ्यायला या.’’

मी गेलो. नाक आपाचं होतं.